भटूच्या टाकीतले पांढरे किडे

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं, कुणाला काही दिसलं, असल्या गोष्टी निघाल्या की मी उठून घरात जाते आणि उरलेली भांडी घासायला घेते. माझा स्वभावच तसा आहे. शिवाय वेळ कुणाला आहे... सकाळी साडेपाचला उठायचं, डबे करायचे, पाणी भरायचं, मग नऊ ते सहा उभं राहून साड्या तपासायच्या, घरी येऊन परत स्वयंपाक. एवढं झाल्यावर भुताखेतांचा विचार करण्याइतका जीव माणसात उरत नाही. या सदरातले अनुभव मात्र मी वर्ष-दीड वर्षापासून बसमध्ये मोबाईलवर वाचतेय. खरं सांगायचं तर बरेचदा हसलेही आहे. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

मी मूळची शिरपूरकडची. लग्न होऊन सुरतेला आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. डिंडोलीत आमचं छोटं रो-हाऊस आहे. पुढे एक खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे मोरी आणि पाण्याची टाकी, वर अजून एक खोली. घरात माझे मिस्टर, मी, कॉलेजला जाणारी मुलगी पूजा आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणतो. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितेय. मायचं एखादं वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवलंय.

आणि भटू. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, सासरे आधीच गेलेले. त्याला आंघोळ घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं मीच केलं. तो मला वैनी म्हणायचा, पण हट्ट सगळे आईकडे करावेत तसे माझ्याकडे करायचा. मोठा झाल्यावर उधन्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात लागला. संध्याकाळी सात ते सकाळी सात, रातपाळी. त्याचं लग्न दोनदा जमता जमता राहिलं. मग त्यानेच विषय बंद केला.

माशांची टाकी त्याची. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी रिक्षातून घेऊन आला. दोन फुटांची काचेची टाकी, लोखंडी स्टँड, तळाशी घालायची बारीक खडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत सहा मॉली — तीन काळ्या, तीन केशरी. मी वैतागले. म्हटलं, याचं पाणी कोण बदलणार? तर म्हणाला, "वैनी, तू हात पण लावू नको. खात्यात रातभर नुसता खडखडाट असतो गं. घरी आल्यावर दहा मिनिटं यांच्यासमोर बसलो की कान शांत होतात." पुढच्या खोलीत जिन्याखाली टाकी लागली. तो रोज सकाळी साडेसातला यायचा, चप्पल काढायचा आणि हातपाय धुण्याआधी माशांना खायला घालायचा. मग आंघोळ, चहा, आणि वर जाऊन झोप. चार वर्षांत मी खरंच त्या टाकीला हात लावला नाही.

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तो गेला. सकाळी कामावरून आला, नेहमीसारखा वर झोपायला गेला. चार वाजता माय चहासाठी उठवायला गेली तर उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. वय छत्तीस. याच्यापुढे त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

तेरा दिवस होईपर्यंत माशांची आठवण कुणालाच नव्हती. नंतर बघितलं तर सहाही मासे ठीक होते. मला वाटलं पूजाने टाकले असतील चार दाणे. मग ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी घरी आले की डबीतून चिमूटभर लाल दाणे टाकायचे. डबीवर लिहिलं होतं तेवढेच, दिवसातून एकदा. आणखी एक काम वाढलं, एवढंच मला वाटलं. जिवंत जीव आहेत, टाकून कसं देणार?

महिनाभराने एका रविवारी टाकीची काच पुसताना मला ते दिसले.

आधी वाटलं पाण्यात मैद्याचा कण उडाला असेल. नीट बघितलं तर कण हलत होता... आणि एक नव्हता, शंभर होते. ठिपक्याएवढे पांढरे जीव, झटका बसल्यासारखे उड्या मारत पाण्यात फिरत होते. खडीतून केसासारखे बारीक पांढरे धागे वर येऊन डोलत होते. आणि काचेवर, तळाच्या कोपऱ्यात, अर्ध्या तांदळाएवढे चपटे पांढरे किडे संथपणे सरकत होते. मला शिसारी आली. मी पूजाला हाक मारली. तिने मोबाईलने फोटो काढले, काचेला नाक लावून पाच मिनिटं बघत बसली, मग कुठल्या तरी ग्रुपवर टाकले. अर्ध्या तासात तिच्याकडे उत्तर तयार.

"मम्मी, टेन्शन नहीं. उड्या मारतात ते पाण्यातले सूक्ष्म जीव आहेत, मासेच खातात त्यांना. धाग्यासारखे आहेत ते कचरा खाणारे वर्म्स. आणि हे काचेवरचे प्लॅनेरिया. हे बघ, याचं डोकं बाणासारखं त्रिकोणी आहे ना? दोन डोळे पण दिसतात."

"ते तू बघ," मी म्हटलं. "आले कुठून एवढं सांग."

"पाण्यातल्या झाडांबरोबर किंवा खडीबरोबर आलेले असतात पहिल्यापासून. वाढतात फक्त खाणं जास्त झालं की."

खाणं जास्त? मी चिमूटभर टाकत होते. त्यातलं मासे दोन मिनिटांत संपवायचे, हे मी स्वतः बघत होते.

त्या आठवड्यात मी जमेल ते केलं. काचेवरचे किडे जुन्या ब्रशने चिरडले. नंतर पूजाने वाचून सांगितलं की प्लॅनेरियाचे दोन तुकडे केले तर दोन किडे होतात. म्हणजे मी आठवडाभर ते पेरतच होते. हसू पण आलं आणि रडू पण. दिवसभर दिव्याखाली साड्यांतले दोष शोधायचे आणि घरी येऊन दुसऱ्या दिव्याखाली किडे शोधायचे. डोळे चुरचुरायचे. मिस्टर म्हणाले, "देऊन टाक कुणाला." मायने ते ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही. देण्याचा विषय तिथेच संपला.

शेवटी उधन्याच्या ज्या दुकानातून भटूने टाकी आणली होती तिथे गेले. दुकानदार रमणीकभाई, साठीचा शांत माणूस. भटूला चांगला ओळखायचा. बातमी ऐकून त्याने हातातली जाळी खाली ठेवली. मग मी फोटो दाखवले. त्याने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "बेन, खावानुं ओछुं करो." खाणं कमी करा.

मी म्हटलं, एकदाच टाकते, चिमूटभर.

"तो घरमां बीजुं कोई नाखे छे," तो म्हणाला. मग घरात दुसरं कोणीतरी टाकतंय.

त्याने एक बारीक भोकांची बाटली दिली. तिच्यात उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा ठेवून दिवसभर टाकीत सोडायची, प्लॅनेरिया आत जमतात, मग बाटली उचलून गरम पाण्यात रिकामी करायची. तीन दिवस केलं. खरंच दर वेळी बाटली पांढरी व्हायची. पण काचेवरचे कमी होईनात. चौथ्या दिवशी रमणीकभाई स्वतः आला, भटूसाठी म्हणून. त्याने नळी लावून खडीतला कचरा बादलीत ओढला. बादलीच्या तळाशी करड्या रंगाचा लगदा बसला. त्याने दोन बोटांत घेऊन चोळला, वास घेतला.

"आ तो रोटलो छे," तो म्हणाला. "जुवारनो."

मी बघितलं. ज्वारीच्या भाकरीचा भिजलेला चुरा होता तो. ज्वारीची भाकरी आमच्या घरात आता एकच जण खातं — माय. दात नाहीत म्हणून ती भाकरी कुस्करून, दुधात कालवून खाते. तिच्या भाकऱ्या मी सकाळी सहालाच टाकून ठेवते. साडेसहाला मिस्टर पांडेसराला मिलमध्ये जातात, पावणेसातला पूजा कॉलेजला. त्यानंतर मी मागे स्वयंपाकघरात आणि मोरीत असते, आणि पुढच्या खोलीत टाकीसमोर माय एकटीच बसलेली असते.

मला राग आला. तो राग किड्यांचा नव्हता हे आता कळतंय. पण तेव्हा सगळा तिच्यावर निघाला. रमणीकभाई गेल्यावर मी विचारलं, "माय, माशांना भाकरी तुम्ही टाकता का?"

"मी नही टाकं," ती म्हणाली.

"मग कोण टाकतं? घरात तुम्हीच असता. टाकली तर टाकली म्हणा, मी काही मारणार नाही. पण रोज ही घाण मला काढावी लागते. मी दिवसभर उभी असते, माय. माझे पाय बघा."

तिने माझ्या पायांकडे खरंच बघितलं. मग म्हणाली, "मी नही टाकं वं."

"तुमच्या लक्षात राहत नाही," मी म्हटलं. "परवा गॅस चालू राहिला होता. हे पण तसंच असणार."

हे बोलायला नको होतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवसांनी माझी नणंद नंदुरबारहून आली आणि तिला घेऊन गेली. मायनेच शेजारणीच्या फोनवरून तिला बोलावून घेतलं होतं. जाताना मला एवढंच म्हणाली, "जेवत जाय येळवर." वेळेवर जेवत जा.

ती गेल्यावर घर एकदम रिकामं झालं. त्याच रविवारी मी रमणीकभाईला परत बोलावलं आणि टाकी पूर्ण साफ करून घेतली. खडी उकळली, काच घासली, थोडं जुनं पाणी ठेवून बाकीचं नवीन घातलं. संध्याकाळी टाकी इतकी स्वच्छ दिसत होती की मिस्टर म्हणाले, "म्हणजे मायच टाकत होती." मी मान हलवली. मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. ज्वारीचं पीठ मायबरोबर नंदुरबारला पाठवलं होतं. आम्ही तिघं गव्हाची पोळी खातो. भाकरीचा प्रश्नच उरला नव्हता.

बुधवारी सकाळी पावणेआठला मी केर काढायला पुढच्या खोलीत आले आणि सहज टाकीकडे बघितलं. सहाही मासे उजव्या कोपऱ्यात वर आलेले, आणि काहीतरी टिपत होते. पाण्यात करडे-पांढरे तुकडे हळूहळू खाली चालले होते.

मी झाडू ठेवला. टाकीत हात घातला आणि एक तुकडा बाहेर काढला. बोटांत दाबला. ज्वारीची भाकरी. पुढच्या दाराला आतून कडी होती, ती मीच मिस्टर आणि पूजा गेल्यावर लावली होती. खिडकीला जाळी आहे. घरात मी एकटी होते.

घाबरले का? सगळे हेच विचारतात. नाही घाबरले. मी फक्त तिथे जिन्याच्या पायरीवर बसले. मला भयंकर दमल्यासारखं झालं... असं की उठून कामावर जाणं होईना. त्या दिवशी मी खाडा केला. आयुष्यात पहिल्यांदा कारण न सांगता.

मिस्टरांना सांगितलं तर ते माझ्याकडे काळजीने बघत राहिले. म्हणाले, "अगं, तूच टाकत नसशील ना? दमलेली असतेस. माणूस एखादी गोष्ट करतो आणि लक्षात राहत नाही." मी त्यांच्यावर चिडले नाही. अगदी तेच वाक्य मी मायला ऐकवलं होतं. खरं तर मलाही तीच शंका होती. मी दवाखान्यात जाऊन आले. रक्त तपासलं, थोडं कमी निघालं, गोळ्या दिल्या, झोप घ्या म्हणाले. पण भाकरी मी आणणार कुठून? मी घरातले डबे एकेक करून उघडून बघितले. ज्वारीचं पीठ नव्हतं. शेजारी राजस्थानी कुटुंब, ते बाजरी खातात. पूजाने तर टाकीच्या झाकणावर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि वर स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी पट्टी तशीच, सही तशीच, आणि आत खडीवर चुरा. पूजा त्यानंतर काही दिवस टाकीकडे पाठ करून बसायची.

आठवड्याभरात काचेवर ते परत आले. आधी उड्या मारणारे ठिपके, मग धागे, मग बाणासारख्या डोक्याचे चपटे. मी त्यांच्याकडे बघायचे आणि मला वाटायचं, एवढे एवढे जीव आहेत, पण खोटं बोलत नाहीत. कुणीतरी जास्त खायला घालतंय, एवढंच ते सांगत होते. पहिल्यापासून. मीच चुकीच्या माणसाला धरलं.

मी नंदुरबारला गेले. उधन्याहून सकाळची गाडी पकडली. मिस्टर येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. नणंदेच्या घरी पोहोचले तेव्हा माय ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मला बघून नवल वाटलं असेल, पण दाखवलं नाही. "बठ," म्हणाली. "च्या पी."

मी तिच्या शेजारी बसले आणि लसूण सोलायला घेतला. समोर बघून बोलणं जमलं नसतं.

"माय, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

तिने सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

"तुम्ही इथे आलात तरी टाकीत भाकरी येतेय. रोज. दार बंद असतं. घरात पीठ नाही. मी वेडी झालेय का ते पण बघून आले. मला काही कळत नाही, माय."

तिचा हात थांबला. "कोनत्या येळले?" तिने विचारलं. कोणत्या वेळेला?

"साडेसात ते पावणेआठ."

मायने लसणाची सालं गोळा करून बाजूला सारली. मग म्हणाली, "तुले माहीत नही. तो शेवटला घास ठेवे."

मला आधी समजलं नाही. मग तिने सांगितलं. भटूच्या रातपाळीच्या डब्यासाठी मी सकाळीच तीन भाकऱ्या टाकून ठेवायचे. त्याला खात्यात पोळी चालायची नाही, थंड झाली की वातड होते म्हणायचा. तर त्यातला शेवटचा चतकोर तो रोज ठेवून आणायचा आणि सकाळी माशांना कुस्करून घालायचा. दुकानातले लाल दाणे तो फक्त सुट्टीच्या दिवशी टाकायचा. माय समोरच बसलेली असायची, तिने चार वर्षं रोज बघितलं होतं. तो तिला म्हणाला होता, वैनीला सांगू नको, तिला वाटेल मी पोटभर खात नाही, मग ती चौथी भाकरी घालेल. तिला आधीच साडेपाचला उठावं लागतं.

चार वर्षं मी तो डबा घासला. डबा रोज साफ यायचा. मला त्याचं बरं वाटायचं... दीर सगळं खातो म्हणून. आणि तो गेल्यावर सकाळच्या तीन भाकऱ्या कमी झाल्या तेव्हा माझ्या मनात, देव मला माफ करो, पहिल्यांदा हेच आलं होतं की तेवढं काम कमी झालं.

मी ओट्यावर बसून रडले. भटू गेला त्या दिवशी सगळ्यांचं बघण्यात माझं रडणं राहूनच गेलं होतं. मायने माझ्या पाठीवर हात ठेवला, लसणाचाच.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मंग तू कसाले टाकस?"

"काय?"

"ते लाल दाना. तू पन टाकस, तो बी टाकस. मंग किडा पडनारच ना."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. तू पण टाकतेस, तो पण टाकतो, मग किडे होणारच. रमणीकभाई तरी दुसरं काय म्हणाला होता?

संध्याकाळच्या गाडीने माय माझ्याबरोबर घरी आली. दुसऱ्या दिवसापासून मी दाणे टाकणं बंद केलं. पूजालाही सांगितलं, टाकायचे नाहीत. डबी गल्लीतल्या एका बाईला देऊन टाकली, तिच्याकडे पण मासे आहेत. पहिले चार दिवस मला धास्ती होती, मासे उपाशी मरतील, मग मायला काय तोंड दाखवू. मासे मेले नाहीत. दहा-बारा दिवसांत धागे गेले. मग काचेवरचे कमी झाले. महिनाभराने काच स्वच्छ होती. मी बाटली लावली नाही, खडी उपसली नाही, काही औषध घातलं नाही. फक्त महिन्यातून एकदा थोडं पाणी बदलते. खडीवर आता चुरा साठत नाही, कारण मासे सगळा संपवतात. त्यांना तेवढाच लागतो.

याला आठ महिने झाले. केशरी मॉलीला मधे पिल्लं पण झाली.

मध्यंतरी रमणीकभाई याच बाजूला कुणाच्या घरी टाकी लावायला आला होता, तेव्हा डोकावून गेला. टाकीपुढे वाकून बघितलं, मासे मोजले. म्हणाला, तब्येत सरस आहे. मी सांगितलं की मी आठ महिन्यांत काही टाकलेलं नाही. तो म्हणाला, मॉली काचेवरचं शेवाळ खातात, त्यावर बरेच दिवस निघतात. मग परत बघितलं. काचेवर शेवाळ नव्हतं, मीच पुसते.

"कोण खवडावे छे?" त्याने विचारलं. कोण खायला घालतं?

"घरना ज," मी म्हटलं. घरचेच. माय खुर्चीत बसून ऐकत होती.

हे का होतं, कसं होतं, मला माहीत नाही. भाकरीचा तुकडा बंद झाकणातून आत कसा जातो याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते शोधतही नाही. मिस्टर अजून म्हणतात की याला काहीतरी साधं कारण असणार, आपल्याला सुचत नाहीये. असेलही. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम करते. साडेसात ते आठ मी मागे मोरीत असते, धुणं काढते, नाहीतर उगाच एखादं भांडं दुसऱ्यांदा घासते. पुढच्या खोलीत जात नाही. माय तिथे असते. तिला काही दिसतं का, हे मी विचारलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही. पूर्वीपेक्षा ती दोन घास जास्त जेवते, एवढं मला दिसतं.

पूजाचं म्हणणं, एक छोटा कॅमेरा लावू, मोबाईलवर सगळं दिसेल, एका दिवसात निकाल लागेल. हे वाचून तुमच्यातलेही बरेच जण तेच सुचवतील, म्हणून आधीच लिहून ठेवते. मी तिला नाही म्हटलं. बारा तासांची पाळी करून घरी आलेल्या माणसावर पाळत ठेवणं मला जमणार नाही.